खुळखुळा, उंदीर आणि न चिरतां पाहण्याची विद्या

महाराष्ट्रांत पावसाळा सरतां सरतां बांधावर व पडीक रानांत पिवळ्या फुलांचें एक झुडूप जागोजाग दिसूं लागतें. त्याच्या शेंगा वाळल्या म्हणजे आंतील बिया सुट्या होतात आणि शेंग हलवितांच वाजूं लागतात. म्हणून लोक त्यास खुळखुळा म्हणतात, कोठें कोठें घागरी असेंहि म्हणतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं या गोत्रास 'क्रोटलारिया' असें नांव दिलें आहे, आणि तें ज्या ग्रीक शब्दापासून निघालें त्याचाहि अर्थ खुळखुळाच. हिरवळीच्या खताकरितां आपले शेतकरी जो ताग पेरितात तोहि याच गोत्रांतला होय. अशा या ओळखीच्या झाडाच्या एका भाऊबंदाचा फुफ्फुसांच्या रोगाशीं निकटचा संबंध आहे, हें मात्र आपणांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

तो भाऊबंद म्हणजे 'क्रोटलारिया स्पेक्टॅबिलिस'. ही जात मूळची दक्षिण आशियाकडील. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत अमेरिकेच्या आग्नेय भागांतील रेताड जमीन सुधारण्यासाठीं ती तेथें खत म्हणून लावण्यांत आली. जमीन सुधारली, परंतु तिचें बीं पोटांत जाऊन कोंबड्या व गुरेंढोरें मरूं लागलीं. तपास करितां १९३५ सालीं त्या बियांतून मोनोक्रोटालीन नांवाचें विष वेगळें काढण्यांत आलें. पुढें १९६७ सालीं के, हॅरिस आणि हीथ या संशोधकांनीं हें बीं पांढऱ्या उंदरांस चारून असें दाखविलें कीं, त्यांच्या फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, तेथील रक्ताचा दाब चढतो व हृदयाची उजवी बाजू वाढते.

असें कां व्हावें? विष पोटांतून आलें असतां फुफ्फुसांवरच घाला कां पडावा? याचें उत्तर शरीराच्या भूगोलांत आहे. मोनोक्रोटालीन मुळांत तितकेंसें घातक नसतें. यकृतांत गेल्यावर तेथील रसायनक्रियेनें तें उग्र बनतें. यकृतांतून निघालेलें रक्त हृदयाच्या उजव्या बाजूस येतें आणि तेथून सरळ फुफ्फुसांत जातें. ओढ्याच्या वरच्या अंगास कोणी घाण टाकिली म्हणजे खालच्या अंगास जें गांव प्रथम लागतें त्यासच ती बाधते. यकृताच्या खालच्या अंगास पहिलें गांव फुफ्फुसांचें. विषाच्या एकाच टोचणीनें तेथील बारीक वाहिन्यांचें आंतलें अस्तर दुखावतें, आणि तीन-चार आठवड्यांत उंदीर धापा टाकूं लागतो.

माणसांसहि या गोत्राचा तडाखा बसलेला आहे. १९७५-७६ च्या सुमारास तेव्हांच्या मध्यप्रदेशांतील व आतांच्या छत्तीसगढांतील सरगुजा जिल्ह्यांत गोंदली नांवाच्या बारीक धान्यांत अशाच एका रानटी खुळखुळ्याचें बीं मिसळलें गेलें. ६७ माणसें आजारी पडलीं व त्यांपैकीं २८ दगावलीं. तेथें घाव बसला तो यकृतांतील नीलांवर, फुफ्फुसांवर नव्हे. तथापि विषाचें कुळ तेंच. (ताग जमिनींत गाडण्यास कांहीं हरकत नाहीं, त्याचें बीं मात्र जनावरांच्या आंबोणांत जाऊं देऊं नये, एवढें येथें जातां जातां सांगणें अस्थानीं होणार नाहीं.)

आतां कोणी पालक विचारतील कीं, मुक्या उंदरास विष टोंचून त्याचीं फुफ्फुसें बिघडविणें हा कोणता धर्म? हा प्रश्न टाळण्याजोगा नाहीं, व त्याकरितांच हा लेख लिहिला आहे. आमचें मत आरंभींच सांगून टाकितों. अशा प्रयोगांची गरज आज तरी संपलेली नाहीं. परंतु सूक्ष्म सीटी या नांवानें जी न चिरतां पाहण्याची विद्या आज उपलब्ध झाली आहे, तिनें संशोधकावर एक नवें ऋण चढविलें आहे. तें हें कीं, एका जीवापासून जितकें पाहतां येईल तितकें पाहिल्यावांचून दुसऱ्या जीवास हात लावूं नये, आणि जें पाहिलें तें आपल्याच पेटींत कुलुपबंद ठेवूं नये.

प्रथम गरजेविषयीं. आपल्या हृदयाची डावी बाजू सर्व शरीरास रक्त पुरविते, आणि तेथें सरासरी दाब पाऱ्याच्या नव्वद-शंभर मिलिमीटरांपर्यंत असतो. उजवी बाजू केवळ फुफ्फुसांस रक्त देते, व तेथें निरोगी माणसाचा सरासरी दाब सुमारें १४ च असतो. कारण फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांचा वृक्ष इतका विस्तीर्ण आहे कीं, रक्तास वाट काढण्यास जोर करावा लागत नाहीं. या वृक्षाच्या बारीक फांद्या अरुंद होऊं लागल्या किंवा बंद पडल्या म्हणजे दाब वाढतो. तो २५ पर्यंत पोंचला म्हणजे रोग समजावा असें पूर्वीं ठरलें होतें. २०१८ पासून तज्ज्ञांनीं ही सीमा २० वर आणिली आहे. हृदयाची उजवी बाजू पातळ भिंतीची, मोठें ओझें वाहण्याची तिला संवय नाहीं. ती हळूहळू थकते, आणि मनुष्यास दम लागूं लागतो, पाय सुजतात, चालतां चालतां भोंवळ येते.

या रोगाचा कावेबाजपणा असा कीं, त्याचीं आरंभींचीं लक्षणें कोणासहि खरीं वाटत नाहींत. घरांतील बाई पाण्याची घागर घेऊन येतांना मध्येंच बसली तर "अशक्तपणा आला आहे" म्हणून तिला एखादी शक्तीची बाटली आणून देतात. १९५९ सालीं डॉ. शिवरामकृष्ण पद्मावती यांनीं दिल्लींतील अशा १२७ रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, ज्यांचें हृदय फुफ्फुसांच्या विकारामुळें थकलें होतें. पाश्चात्य देशांत हा विकार मुख्यत्वें पुरुषांचा समजला जाई. येथें स्त्रियांची संख्या मोठी आढळली, आणि त्याचें कारण म्हणून बाईंनीं चुलीच्या धुराकडे बोट दाखविलें. २०१६ पासून उज्ज्वला योजनेनें पुष्कळ घरांत गॅसची शेगडी पोंचविली, ही मोठी गोष्ट खरी. तथापि शेगडीच्या शेजारीं चूल अजून पेटतेच, हें खेड्यांतील कोणाहि विद्यार्थ्यास सांगावयास नको.

मानवतसारख्या कापसाच्या पेठेस आणखीहि एक कारण आहे. जिनिंगमध्यें सरकी व रुई वेगळी होत असतां जी तुसें व धूळ उडते ती श्वासाबरोबर आंत जाते. कापसाच्या धुळीनें होणाऱ्या विकारास बिसिनोसिस असें नांव आहे, व आठवड्याच्या सुटीनंतर कामावर येतांच पहिल्या दिवशीं छाती आवळल्यासारखी वाटणें ही त्याची खूण. हा विकार प्रथम श्वासनलिकांचा आहे, रक्तवाहिन्यांचा नव्हे, हें स्पष्ट केलें पाहिजे. परंतु वर्षानुवर्षें फुफ्फुस बिघडत गेलें म्हणजे शेवटीं त्याचाहि भार हृदयाच्या उजव्या बाजूवर येतो. सारांश, आपल्या गांवांतील चूल व जिनिंग या दोहोंचा धागा त्या बारीक वाहिन्यांपर्यंत जाऊन पोंचतो.

आणि नेमक्या त्याच वाहिन्या जिवंत माणसांत पाहतां येत नाहींत! रोग जेथें सुरू होतो त्या फांद्या मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढ्या, किंवा त्याहूनहि बारीक. रुग्णालयांतील सीटी यंत्रास साधारण अर्ध्या मिलिमीटरापर्यंतचें दिसतें. दाब मोजण्यास नीलेंतून नळी घालून हृदयापर्यंत न्यावी लागते. ही वाट जर्मन डॉक्टर फोर्समन यानें १९२९ सालीं स्वतःच्याच दंडांतून नळी घालून दाखविली. पण दाब चढलेला दिसेपर्यंत पुष्कळशा बारीक फांद्या आधींच नष्ट झालेल्या असतात. फुफ्फुसाचा तुकडा कापून पाहणें अशा रोग्याच्या जिवावर बेतूं शकतें. म्हणून उंदीर.

प्राण्यांच्या फुफ्फुसांकडे पाहण्याची रीत आजची नव्हे. हार्वेनें १६२८ सालीं रक्ताभिसरण सिद्ध केलें, परंतु रोहिणींतून नीलेंत रक्त कोणत्या वाटेनें जातें हें त्यास दिसलें नव्हतें. ती वाट, म्हणजे केशवाहिन्या, १६६१ सालीं मालपिघी या इटालियन विद्वानास बेडकाच्या फुफ्फुसांत सूक्ष्मदर्शकाखालीं दिसली. तेव्हांपासून तीनशें वर्षें पाहण्याचा मार्ग एकच होता: प्राणी मारावा, फुफ्फुस काढावें, त्याचे पातळ काप करावेत व ते सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवावेत. कापांत वाहिनीची भिंत, तिच्यांतील पेशी, सर्व उत्तम दिसतें. परंतु वृक्ष दिसत नाहीं. वडाचें झाड करवतीनें आडवें कापून त्याच्या चकत्या आपणांपुढें मांडल्या तर लांकडाची जात कळेल, पण कोणती फांदी कोठून फुटली व कोठें वाळली हें कसें कळावें?

रंट्गेन यास क्ष-किरण सांपडले ते ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं. हाडें दिसूं लागलीं, परंतु एकावर एक पडलेल्या सावल्यांच्या रूपानें. एकाच वस्तूच्या निरनिराळ्या बाजूंनीं घेतलेल्या अनेक सावल्यांवरून गणितानें तिचा आंतील आकार उभा करावा, ही युक्ति हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्यानें यंत्रांत उतरविली, आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनमध्यें एका रुग्णाच्या मेंदूचें पहिलें सीटी चित्र निघालें. हाउन्सफील्ड व कॉर्मॅक यांस १९७९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. तीच युक्ति लहान वस्तूंसाठीं अतिशय बारकाईनें वापरणें म्हणजे सूक्ष्म सीटी. १९८२ सालीं एलियट आणि डोव्हर यांनीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यांनीं चित्र घेतलें होतें एका चिमुकल्या गोगलगाईच्या शंखाचें.

येथें रुग्णालयांतील यंत्राप्रमाणें यंत्र रोग्याभोंवतीं फिरत नाहीं. बहुधा वस्तूच एका फिरत्या पाटावर ठेवितात. ती थोडी थोडी फिरवून शेंकडों, कित्येकदां हजारांवर सावल्या घेतात व संगणक त्यांवरून घनाकृति रचितो. त्या आकृतीचा एकेक कण मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढा किंवा त्याहूनहि लहान असूं शकतो.

तरीहि एक अडचण राहते. रक्त, वाहिनीची भिंत व भोंवतालचें मांस यांतून क्ष-किरण जवळजवळ सारखेच पार होतात, म्हणून वाहिन्या वेगळ्या उठून दिसत नाहींत. यास्तव उंदरास बेशुद्ध करून, त्याचा प्राण गेल्यावर, फुफ्फुसांतील रक्त खाऱ्या पाण्यानें धुऊन काढितात आणि मुख्य रोहिणींतून शिशाचा अंश असलेलें पातळ सिलिकोन रबर मोजक्या दाबानें भरतात. तें आंत घट्ट होतें. मग यंत्रांत पाहिलें असतां निरोगी उंदराच्या फुफ्फुसांत वाहिन्यांचा असा घनदाट वृक्ष दिसतो कीं पाहणारा थक्क व्हावा. आणि खुळखुळ्याच्या विषानें आजारी झालेल्या उंदराच्या फुफ्फुसांत तोच वृक्ष माळ्यानें कात्रीनें छाटल्यासारखा, मोठ्या फांद्या उरलेल्या व टोंकांची पालवी झडलेली असा दिसतो. फांद्यांची संख्या, लांबी, जाडी, वळणें, हें सर्व संगणकानें मोजतां येतें. कापांवरून जें अदमासानें सांगत, तें येथें सबंध फुफ्फुसाविषयीं आंकड्यांत सांगतां येतें.

परंतु चित्र सुंदर निघालें म्हणजे खरेंच निघालें असें नव्हे. एखादी फांदी चित्रांत नसेल तर ती रोगानें बंद झाली, कीं रबर तेथवर पोंचलेंच नाहीं? दाब थोडा कमी पडला, हवेचा बुडबुडा अडकला, रबर लवकर घट्ट झालें, तरी फांदी हरवल्यासारखी दिसते. सर्वांत बारीक केशवाहिन्या मायक्रोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या, केवळ पांच ते दहा पट रुंद; त्या या रीतीनें नीट दिसतच नाहींत. म्हणून जुनी सुरी व सूक्ष्मदर्शक हीं अद्याप निवृत्त झालेलीं नाहींत. चांगला संशोधक त्याच फुफ्फुसाचें आधीं चित्र घेतो व मग त्याचेच काप करितो. जो केवळ रंगीत चित्रावर भाळून निष्कर्ष काढितो त्याच्या हातीं यंत्र असून नसून सारखेंच.

जिवंत उंदराचेंहि चित्र घेतां येतें, व आमच्या युक्तिवादाचा कणा तोच आहे. रोग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या आठवड्यांत कसा वाढत गेला हें सुरीनें पाहावयाचें तर दर आठवड्यास एकेक टोळी मारावी लागते. आणि तरीहि आज मारलेला उंदीर पुढील आठवड्यांत कसा झाला असता हें कधींच कळत नाहीं. यंत्रानें पाहावयाचें तर तोच उंदीर चार वेळां पाहतां येतो, व तो स्वतःच स्वतःच्या तुलनेस उभा राहतो. अडचणी नाहींत असें नाहीं. लहान उंदराचें हृदय मिनिटास पांचशेंहून अधिक वेळां उडतें, श्वास शंभरावर. म्हणून श्वासाच्या ठराविक क्षणींच चित्र टिपावें लागतें. रक्तांत भरलेला आयोडीनयुक्त पदार्थ फार वेळ टिकत नाहीं. वारंवार क्ष-किरण दिले तर तेच फुफ्फुसांस अपाय करितात. शिवाय जिवंतपणीं मोठ्या व मध्यम फांद्याच दिसतात, टोंकाच्या नव्हेत. इतकें असूनहि जेथें मध्यम फांद्यांवरून प्रश्न सुटतो तेथें चार टोळ्या मारणें आम्हांस समर्थनीय वाटत नाहीं.

यावर दोन बाजूंनीं आक्षेप येतात. एक बाजू म्हणते, उंदीरच तो! आपण कणगींतले उंदीर विषाच्या गोळ्या घालून मारितोंच कीं. खरें आहे, परंतु कणगींतला उंदीर आपल्या धान्यावर चालून येतो, प्रयोगशाळेंतला उंदीर आपणच जन्मास घालितों, आपणच पिंजऱ्यांत पाळतों, आपणच आजारी पाडतों. ज्याचें सर्व जिणें आपल्या हातीं त्याच्याविषयींचें आपलें उत्तरदायित्वहि तितकेंच अधिक. दुसरी बाजू म्हणते, प्राण्यांवर प्रयोगच नकोत. ज्यास औषध हवें त्यानें स्वतःवर करून पाहावें. स्वतःवर प्रयोग करणारे धैर्यवान् पुरुष झाले आहेत. मुंबईंत प्लेग असतां डॉ. हाफकिन यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं आपली नवी लस प्रथम स्वतःसच टोंचून घेतली. पण त्यापूर्वीं ती सशांवर पाहिली होती, हेंहि विसरूं नये. मार्ग या दोहोंच्या मधून जातो. रसेल व बर्च या दोघांनीं १९५९ सालीं तो तीन शब्दांत सांगितला: शक्य तेथें प्राण्याऐवजीं दुसरें साधन घ्यावें, संख्या कमी करावी, यातना कमी कराव्या. आपल्या देशांत १९६० चा प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे, १९९८ चे प्रयोगविषयक नियम आहेत, व प्रत्येक प्रयोगास समितीची मान्यता लागते. कायद्यानें कागद भरून घेतां येतो. उंदरांची संख्या दहा कीं चाळीस हें मात्र अखेर संशोधकाच्या चातुर्यावर व मनावर राहतें.

उंदरावर भरंवसा किती ठेवावा, हाहि प्रश्न आहेच. मोनोक्रोटालीननें आजारी झालेला उंदीर अनेक औषधांनीं सुधारतो, आणि त्यांतील बहुतेक औषधें माणसांत निष्प्रभ ठरलीं आहेत. उंदराचा रोग आठवड्यांत होतो, माणसाचा वर्षांत; तो एक नव्हे. पण सर्वच श्रम वायां गेले असें नाहीं. सोटाटरसेप्ट या नव्या औषधाची जात प्रथम आजारी उंदरांच्याच फुफ्फुसांत पारखली गेली, आणि माणसांवरील कसोट्यांनंतर मार्च २०२४ मध्यें अमेरिकेंत तें मान्य झालें. म्हणून आम्ही म्हणतों कीं उंदराची साक्ष घ्यावी, पण न्यायाधीशाचें आसन त्यास देऊं नये.

आतां त्या ऋणाचा दुसरा भाग. एका फुफ्फुसाच्या सूक्ष्म सीटीची नोंद म्हणजे हजारों पानांच्या ग्रंथासारखी असते. संशोधकास त्यांतून एक प्रश्न विचारावयाचा असतो. तो विचारून झाला, निबंध छापला, कीं तो ग्रंथ बासनांत जातो. दुसऱ्या कोणास निराळा प्रश्न सुचला तर तो नवे उंदीर आणितो! ही उधळपट्टी आहे, आणि ती पैशाची नव्हे. ज्यांत रबर नीट भरलें नाहीं अशीं फसलेलीं चित्रेंहि प्रसिद्ध झालीं पाहिजेत. नाहीं तर प्रत्येक प्रयोगशाळा तीच चूक आपापल्या उंदरांवर पुन्हा करीत बसेल. जीव एकदां गेला. त्याचें चित्र तरी सर्वांसाठीं खुलें असावें. असे खुले साठे आज आहेत, पण त्यांत चित्र ठेवणें बहुधा संशोधकाच्या मर्जीवर सोडलेलें आहे. आमच्या मतें समितीनें मान्यता देतांनाच ही अट घालावी. अशा साठ्यांतील फुफ्फुस संगणकावर उघडून त्याच्या फांद्या मोजणें हें मानवतच्या शाळेंतील मुलासहि अशक्य नाहीं. त्यास ना उंदीर लागतो ना सुरी. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१४ सालीं प्राणिशास्त्राच्या वर्गांतील विच्छेदनें बंद करण्याचें धोरण घेतलें, तेव्हां मुलें आतां काय पाहणार अशी पुष्कळांस चिंता वाटली होती. त्यांनीं हें पाहावें.

आणि जे जीव आपोआप गेले त्यांचें काय? परभणीस पशुवैद्यक महाविद्यालय आहे. रोगानें वा अपघातानें मेलेल्या जनावरांची तपासणी हा त्या विद्येचा नित्याचा भाग. आपल्याकडे कित्येक घरांत शेळी चुलीपासून चार हातांवर बांधलेली असते. घरांतील बाई जो धूर श्वासावाटे घेते तोच ती शेळीहि घेते, पिल्लूं असल्यापासून. अशी शेळी म्हातारी होऊन मेली तर तिचें फुफ्फुस पुरण्याऐवजीं जतन करावें, ज्या संस्थेंत सूक्ष्म सीटीचें यंत्र असेल तेथें त्याचे भाग पाठवावेत, आणि मोकळ्या माळावर वाढलेल्या शेळीच्या फुफ्फुसाशेजारीं ठेवून त्या दोन वृक्षांची पालवी मोजावी. यास एकहि प्राणी मारावा लागत नाहीं, विष टोंचावें लागत नाहीं. लागतो तो शेळी मेल्यावर लगेच कळविणारा एक शेतकरी, व तें ऐकून घेणारा एक प्राध्यापक.